कॉमेंटेटर कोणाचा माणूस असतो?

तुम्ही एका दमात दोन गोष्टी विचारल्या आहेत. टीव्हीवरचे कॉमेंटेटर मोकळेपणाने बोलत नाहीत, क्रिकेट बोर्डाची री ओढतात, असं तुम्हाला वाटतं. ते कितपत खरं? आणि तुम्हाला स्वतःला मराठी समालोचनात उतरायचंय, तर प्रामाणिक राहून इथे टिकता येतं का? मी आधी रेडिओवर आणि नंतर टीव्हीवर क्रिकेट, कबड्डी आणि कुस्तीचं समालोचन बरीच वर्षं करत आलोय. त्यामुळे आतून जे दिसतं ते सांगतो. उत्तर लांबेल, पण या विषयावर दोन ओळींत बोललं की त्याची शिवीगाळ होते, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. बंधनं असतात. पण त्याचं मूळ माणसांच्या भित्रेपणात शोधण्याआधी त्यांच्या नेमणुकीच्या कागदात शोधा. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात सहसा ज्या चॅनेलने हक्क विकत घेतले ते चॅनेल कॉमेंटेटर नेमतं. आपल्याकडे मायदेशातल्या सामन्यांचं चित्रण गेली कित्येक वर्षं बोर्ड स्वतःच करून घेतं आणि मुख्य फीडवर, म्हणजे मूळ प्रक्षेपणावर, बोलणाऱ्यांच्या नेमणुकीतही त्याचा शब्द चालतो. म्हणजे ज्याच्या कारभाराबद्दल बोलायचं, कामावर ठेवणाराही तोच. 2011 साली सुनील गावसकर आणि रवी शास्त्री हे थेट बोर्डाशी करारबद्ध आहेत हे उघड झालं तेव्हा बराच गदारोळ झाला. त्याआधी आयपीएल सुरू झाली तेव्हा हे दोघे तिच्या गव्हर्निंग कौन्सिलवर होते आणि त्याच स्पर्धेचं समालोचनही करत होते. दोघांच्या क्रिकेटच्या जाणकारीबद्दल कोणी शंका घेणार नाही, मी तर नाहीच. माझी हरकत इतकीच, की घरी बसलेल्या प्रेक्षकाला हे नातं ऐकता ऐकता कळायला हवं होतं. ते त्याला वर्तमानपत्रातून कळलं.

2013 च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात येणार होता. ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयान चॅपल यांना समालोचनासाठी विचारणा झाली. डीआरएस (पंचांचा निर्णय रिप्लेवरून तपासून घ्यायची सोय), संघनिवड आणि बोर्डाचा कारभार यांवर बोलायचं नाही ही अट कळल्यावर त्यांनी नकार दिला. आता ही अट प्रत्यक्षात काय करते ते पाहा. त्या काळात आपलं बोर्ड द्विपक्षीय मालिकांत डीआरएस घ्यायला तयार नव्हतं. ते आलं 2016 च्या नोव्हेंबरात, इंग्लंडविरुद्धच्या राजकोट कसोटीपासून. म्हणजे मधल्या सगळ्या वर्षांत बॅटची कड घेऊन पॅडवर गेलेल्या चेंडूवर एखादा फलंदाज पायचीत दिला गेला, रिप्लेमध्ये कड स्वच्छ दिसली, समोर लाखो माणसं एकच गोष्ट मनात म्हणत होती, आणि कॉमेंटेटर 'दुर्दैवी' एवढं म्हणून पुढच्या चेंडूकडे वळत होता. तो खोटं बोलला का? एकही शब्द खोटा नव्हता. पण ऐकणाऱ्याला त्या क्षणी कळलं की या माणसाला दिसतंय आणि तो सांगत नाहीये. विश्वास उडायला तेवढं पुरतं.

2016 च्या आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगले यांना बाजूला केलं गेलं. मार्च 2020 मध्ये संजय मांजरेकर यांचं नाव बोर्डाच्या पॅनेलवरून गेलं. दोघे पुढे माईकवर परतले, पण दोन्ही वेळा नेमकं कारण बोर्डाने जाहीरपणे सांगितलं नाही. लोक या घटनांकडे त्या दोघांवरचा अन्याय म्हणून पाहतात. मला त्याचा परिणाम मागे उरलेल्यांवर जास्त दिसला. कारण कळलं असतं तर रेषा कुठे आहे ते कळलं असतं. ते न कळल्यामुळे प्रत्येक जण अंदाजाने रेषा आखतो आणि सुरक्षित म्हणून तिच्यापासून दहा पावलं अलीकडे थांबतो. 'हे बोलू नका' असं मला आजवर कोणी लिहून दिलेलं नाही. तशी गरजच पडत नाही. नव्या मुलाला जेवणाच्या टेबलावर कोणीतरी हळूच सांगतं, निवड समितीचा विषय नको काढूस, आणि तो पुढची सगळी वर्षं काढत नाही.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असंही समजू नका. 2019 च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलिया-वेस्ट इंडीज सामन्यात पंचांच्या चुकांवर वेस्ट इंडीजचे माजी गोलंदाज आणि आता कॉमेंटेटर असलेले मायकेल होल्डिंग कडक बोलले. ख्रिस गेल ज्या चेंडूवर बाद झाला त्याच्या आधीचा चेंडू नो-बॉल होता आणि तो पंचांच्या नजरेतून सुटला होता. दिला असता तर गेलला फ्री हिट मिळाली असती. त्यानंतर निर्मिती करणाऱ्यांकडून सांभाळून बोलण्याविषयी होल्डिंगना पत्र गेलं, आणि त्यांनी ते सरळ धुडकावलं. होल्डिंग यांच्याकडे जवळजवळ चारशे आंतरराष्ट्रीय बळी आणि तेवढाच रोखठोक स्वभाव होता, त्यांना ते परवडलं. सगळ्यांनी होल्डिंग व्हावं ही अपेक्षा मी करत नाही. ज्याचं घर या कामावर चालतं त्याला शूरपणाचे सल्ले देणं सोपं असतं.

पैशाचा आकडाही एकदा नीट पाहून घ्या. आयपीएलचे 2023 ते 2027 या पाच हंगामांचे हक्क 48,390 कोटींना गेले, 410 सामन्यांच्या हिशेबाने. म्हणजे एका सामन्यामागे साधारण 118 कोटी. एवढी किंमत मोजणारं चॅनेल उद्या उठून स्वतःच कॉमेंटेटर नेमू लागलं तरी 'आजचा सामना रटाळ आहे' असं म्हणायला त्याचा जीव धजावणार नाही. म्हणून फक्त बोर्डाला दूर केलं की सगळं साफ होईल असं जे म्हणतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. विकणारा बदलतो, विकण्याची घाई तशीच राहते.

तरीही आत राहून खरं बोलता येतं. 1 फेब्रुवारी 1981, मेलबर्न. न्यूझीलंडला बरोबरी करायला शेवटच्या चेंडूवर 6 धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपलने धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितलं. नियमात बसत होतं. चॅनेल नाइनवर समालोचनाला रिची बेनॉ होते. हे चॅनेल केरी पॅकरचं, ऑस्ट्रेलियन क्रिकेट घरोघर विकणारं, आणि बेनॉ पॅकरच्या वर्ल्ड सीरिज या वेगळ्या क्रिकेट स्पर्धेच्या उभारणीपासून त्यांच्याबरोबर. त्यांनी दिवसाच्या शेवटी कॅमेऱ्यासमोर शांतपणे सांगितलं की कर्णधाराचं हे वागणं लाजिरवाणं होतं, मैदानावर पाहिलेल्या सर्वांत वाईट गोष्टींपैकी एक होतं. आवाज चढवला नाही. त्या बोलण्याला वजन आलं, कारण एरवी हा माणूस विनाकारण कोणाला झोडपत नसे. आपल्याकडे आता उलटा समज झालाय: जो जास्त कडक बोलतो तो जास्त प्रामाणिक. निवृत्त खेळाडू स्टुडिओत बसून दर पराभवानंतर अर्ध्या संघाला घरी पाठवतात, आणि लोक म्हणतात, बघा, हा घाबरत नाही. मला त्यात प्रामाणिकपणा दिसत नाही. ती दुसऱ्या तऱ्हेची विक्री आहे.

प्रामाणिकपणाची माझी कसोटी बरीच साधी आहे. मी डोळ्यांनी पाहिलं ते, मला खात्रीने माहीत आहे ते, आणि मला वाटतं ते, या तिन्ही गोष्टी ऐकणाऱ्याला वेगवेगळ्या ऐकू यायला हव्यात. बोर्ड तुम्हाला निवड समितीवर बोलू देणार नाही, पण ही कसोटी पाळण्यापासून तुम्हाला कोणी अडवत नाही. आणि गंमत नव्हे, दुःख याचं की जिथे कोणी अडवत नाही तिथेच आपण सर्वांत जास्त ढिलाई करतो.

उदाहरण देतो. प्रादेशिक भाषांतलं बरंचसं समालोचन मैदानावरून होत नाही. सामना चेन्नईत किंवा मोहालीत, आणि आम्ही मुंबईच्या स्टुडिओत. समोर एक मोठा मॉनिटर, बाजूला धावफलकाचा दुसरा, कानात मैदानाचा आवाज आणि त्यावर टॉकबॅकमधून प्रोड्युसर. आम्हाला तेच दिसतं जे तुम्हाला दिसतं. गोलंदाज धावत येतो तेव्हा कॅमेरा त्याच्या पाठीमागून असतो. फाइन लेगचा क्षेत्ररक्षक वर्तुळात आलाय की सीमेवर गेलाय हे दिग्दर्शकाने दाखवल्याशिवाय आम्हाला कळायला मार्ग नाही. आता फलंदाजाने चेंडू तिकडे फटकावला, कॅमेरा वळला आणि क्षेत्ररक्षक तिथेच उभा. मोह होतो म्हणायचा, 'कर्णधाराने नुकताच त्याला मागे घेतला होता, काय चाणाक्ष चाल!' ऐकायला फार छान वाटतं. पण तुम्ही ती चाल पाहिलेलीच नाही. कदाचित तो पहिल्यापासून तिथेच असेल. तीच गोष्ट 'इथे छान वारा सुटलाय', 'मैदानावर दव जाणवू लागलंय' या वाक्यांची. दव जाणवायला पाय गवतावर लागतात. गोलंदाज रुमालाने चेंडू पुसताना दिसला तर 'चेंडू पुसतोय, ओला होत असावा' म्हणा. एवढ्या एका 'असावा'ने तुमची लाज राखली जाते आणि वाक्याचा रंगही उतरत नाही.

1938 साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडमध्ये होता. लघुलहरींवरचं प्रक्षेपण भरवशाचं नव्हतं, म्हणून सिडनीच्या स्टुडिओत तारा येत, त्यांवरून कॉमेंटेटर चेंडू न् चेंडू उभा करत, लाकडावर पेन्सिल आपटून बॅटचा आवाज काढत आणि टाळ्या रेकॉर्डवरून लावत. ऑस्ट्रेलियातली माणसं रात्री जागून ते ऐकत, आणि हे स्टुडिओतून चाललंय हे त्यांना ठाऊक असे. त्यामुळे मी त्याला फसवणूक म्हणत नाही. 2020 मध्ये करोनाकाळात प्रेक्षकांविना सामने झाले तेव्हा इंग्लंडमधल्या स्काय वाहिनीने फुटबॉलच्या प्रेक्षकांना भरलेल्या आवाजासह आणि त्याविना असे दोन पर्याय दिले. हा मला सभ्य मार्ग वाटतो. आपण मुंबईहून बोलतोय हे सामन्याच्या सुरुवातीला एकदा सांगायला काहीही खर्च येत नाही. मी ते सांगतो, आणि अजून तरी त्यावर कोणी तक्रार केलेली नाही.

आता रिप्लेकडे येतो, कारण आजच्या प्रेक्षकाचा सर्वांत मोठा संशय तिथेच आहे.

जून 2023, ओव्हल, जागतिक कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना, चौथा दिवस. बोलंडच्या चेंडूवर शुभमन गिलची कड लागली आणि गलीत कॅमरून ग्रीनने डावीकडे झेपावत एका हातात जमिनीलगत झेल घेतला. तिसऱ्या पंचाने बाद दिलं. पुढचे कित्येक दिवस एक थांबवलेलं चित्र फिरत होतं, चेंडू गवताला टेकलेला दिसणारं. मी त्या निर्णयाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलत नाही. पण त्या वेळी प्रेक्षकाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी होती: तो कॅमेरा शंभरएक यार्डांवरून लांब भिंगाने पाहतो आणि लांब भिंग खोली दाबून टाकतं. चेंडू आणि त्याच्या पुढचं गवत यांच्यातलं अंतर चित्रात उरतच नाही. स्वच्छ झेलही टेकल्यासारखे दिसतात, आणि ज्यांत बोटं खरोखर खाली नव्हती तेही तसेच दिसतात. त्यातच मैदानी पंचांनी आधी आपलं मत सांगायचं, ती 'सॉफ्ट सिग्नल'ची पद्धत त्याच महिन्याच्या 1 तारखेपासून बंद झाली होती; सगळा भार चित्रावर आला होता. अशा वेळी 'स्पष्ट दिसतंय, टेकलाय' म्हणणारा कॉमेंटेटर देशभक्त ठरतो, पण त्याने आपल्या माणसांना चित्र वाचायला शिकवायची संधी घालवली. 'या कोनातून ठरवता येत नाही' हे वाक्य माईकवर म्हणायला मोठी छाती लागते, कारण त्या क्षणी सगळ्या देशाला निकाल हवा असतो.

चेंडूचा मार्ग दाखवणाऱ्या तंत्राचंही तसंच. जानेवारी 2022, केपटाउन. अश्विनच्या चेंडूवर डीन एल्गर पायचीत दिला गेला. रिव्ह्यूमध्ये चेंडू यष्ट्यांवरून जाताना दाखवला आणि निर्णय फिरला. पंच मराइस इरॅस्मस स्वतः चकित झालेले दिसले. आपले खेळाडू यष्टीच्या माईकजवळ जाऊन सुपरस्पोर्ट या यजमान वाहिनीला उद्देशून बोलले. हे तंत्र पुरवणारी हॉक-आय ही वेगळी कंपनी आहे, वाहिनी चेंडूचा मार्ग हाताने वळवत नाही. पण संशय का आला हे समजून घ्या: ते तंत्र मैदानावर आणण्याचा करार वाहिनीमार्फत होतो, आणि वाहिनी यजमान देशाची. आणि याच मैदानावर, मार्च 2018 मध्ये, याच वाहिनीच्या कॅमेऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बँक्रॉफ्टच्या हातातला, चेंडू घासायचा सँडपेपर पकडला होता. चेंडू इतक्या लवकर रिव्हर्स स्विंग, म्हणजे जुन्या चेंडूसारखा उलट्या दिशेने वळू, कसा लागला या शंकेने कॉमेंटेटर फानी डिव्हिलियर्स यांनी कॅमेरावाल्यांना डोळा ठेवायला सांगितलं होतं. उत्तम पत्रकारिता होती ती. पण चेंडूवर काम करणारा यजमान संघाचा खेळाडू असता तर कॅमेरा तितकाच वेळ त्याच्या खिशावर थांबला असता का, हा प्रश्न पाहुण्यांनी विचारला तर तो चुकीचा नाही. तो प्रत्येक देशाच्या प्रक्षेपणाला लागू आहे, आपल्याही.

कुस्तीत तर अजून जपावं लागतं, कारण तिथे गावं पेटतात. जानेवारी 2023, पुणे, महाराष्ट्र केसरी. सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत महेंद्रने बाहेरची टांग लावली आणि पंचांनी 4 गुण दिले. सिकंदर धोक्याच्या स्थितीत, म्हणजे पाठ गादीकडे वळलेल्या अवस्थेत, गेला होता का, की फक्त खाली आला होता, म्हणजे 4 की 2, यावर अख्खा महाराष्ट्र भांडला. बहुतेकांनी मोबाइलवर एका बाजूने घेतलेली काही सेकंदांची क्लिप पाहिली होती. अशा वेळी निवेदकाने पंचाला चोर म्हणणं जितकं घातक, तितकंच 'पंचांचा निर्णय अंतिम' म्हणून पुढे जाणं. पाठ गादीच्या किती अंशात फिरली की 4 गुण होतात, हे लोकांना तिथल्या तिथे सांगावं. आपल्याकडे लाल मातीतले निवेदक डाव ओळखण्यात इतके तयार आहेत की पैलवानाने हात घातला की नाव घेतात. गादीच्या नियमांची तेवढीच तयारी झाली तर अर्धे वाद तिथेच विझतील, असं मला मनापासून वाटतं.

एका गोष्टीवर मात्र मी नरमाईने लिहू शकत नाही. फँटसी गेमच्या, म्हणजे खऱ्या खेळाडूंची आपली टीम बनवून पैसे लावायच्या खेळांच्या, जाहिराती. 2020 च्या आयपीएलचं मुख्य प्रायोजकत्वच अशा खेळाच्या ड्रीम इलेव्हन कंपनीने 222 कोटींना घेतलं. त्यानंतरच्या वर्षांत सामन्याआधीच्या गप्पांत माजी खेळाडू बसून तुमच्या टीममध्ये कोणाला घ्या, कॅप्टन कोणाला करा, हे सांगू लागले. सोलापूरच्या किंवा नांदेडच्या एखाद्या पोराने ते ऐकून पगारातले पैसे लावले तर त्याला हे विश्लेषण वाटलं की जाहिरात? दोन्हीत सरमिसळ होते तिथे समालोचनाची सगळी पुण्याई त्या जाहिरातीच्या कामी येते. आर्थिक जोखमीचा इशारा द्यायची सक्ती डिसेंबर 2020 पासून जाहिरात क्षेत्राच्या नियमांत आली. तो इशारा किती वेगात वाचला जायचा ते सगळ्यांनी ऐकलंय. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद केले. ते काम आमच्या क्षेत्राने आधी स्वतःहून करायला हवं होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. टिकता येतं. आणि मराठीत जागाही आहे. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर मराठीतून क्रिकेट सांगितलं तेव्हा शब्दांपासून सगळं घडवावं लागलं होतं. तुम्हाला भाषा तयार मिळतेय. 2023 मध्ये जिओसिनेमाने आयपीएल मराठीसह बारा भाषांत दाखवली. त्याच हंगामात केदार जाधव मराठी समालोचन करत होता आणि मे महिन्यात बेंगळुरूने त्याला जखमी डेव्हिड विलीच्या जागी संघात घेतलं. काल ज्या संघाबद्दल बोलत होता, आज त्याच संघात. त्यात त्याचं काही चुकलं नाही, सगळं उघड होतं. पण यातून एक कळतं: या धंद्यात कॉमेंटेटर, खेळाडू, प्रशिक्षक, एजंट यांच्या खुर्च्या जवळजवळ आहेत. म्हणून कोणाशी तुमचा करार आहे, कोणत्या खेळाडूचा मेहुणा किंवा गुरुबंधू तुम्ही आहात, हे त्याचा विषय निघाला की एका वाक्यात सांगून टाकायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. जिल्हा पातळीवरच्या कबड्डी स्पर्धेत तर हे फारच आड येतं. आयोजक आमदार, एक संघ त्यांच्याच मंडळाचा, आणि माईक तुमच्या हातात. तिथे 'आमदारसाहेबांच्या मंडळाचा संघ' असं दोनदा ठणकावून सांगितलं की पुढे तुम्ही जे बोलाल ते लोक आपापल्या मनाने तोलून घेतात.

करारावर सही करण्याआधी नक्की विचारा की कोणत्या विषयांवर बोलायला मनाई आहे. तोंडी उत्तर मिळालं तर त्याच दिवशी ईमेलवर 'आपलं असं बोलणं झालं' एवढं लिहून पाठवा. मनाई पटत नसेल तर इयान चॅपल यांच्यासारखं काम सोडणं प्रत्येकाला जमत नाही, मी त्यासाठी कोणाला नावं ठेवत नाही. मग निदान उलटं बोलू नका. डीआरएसवर गप्प राहावं लागलं तर गप्प राहा; डीआरएसची गरजच नाही असं पैसे घेऊन सांगू नका. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि प्रेक्षकाला तो कळतो.

सरावासाठी जवळच्या मैदानावरची एखादी क्लब मॅच किंवा कबड्डीची संध्याकाळ मोबाइलवर चित्रित करा, त्याच वेळी बोलून तुमचा आवाजही रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी चित्र आणि आवाज एकत्र लावून ऐका आणि तुमच्या प्रत्येक विधानापुढे खूण करा: पाहिलं, माहीत होतं, की रंगवलं. पहिल्या काही वेळा तिसऱ्या खुणा इतक्या निघतील की घाबरायला होईल. त्या कमी होत जातात. तशी एखादी फाइल तयार झाली की मला पाठवा, कुस्तीची असेल तर आधी.